कुदळ न लावता

धुळे, २१ नोव्हेंबर १९३७

निंबाभाऊ,

हे पत्र दिवाळीच्या आधी लिहायचं होतं. दोनदा कार्ड आणलं. एकावर इंजिनाच्या पट्ट्याचं माप लिहून बसलो, दुसरं खिशात भिजलं. पण ही सगळी बहाणेबाजी. टाळलं, हेच खरं. तू जामनेरच्या शाळेत मास्तर, माझ्या वेलांट्या बघून कपाळाला हात लावशील, ही एक धास्ती. दुसरी म्हणजे तू आबाशी बोलत नाहीस, मग माझ्याशी तरी बोलतोस की नाही, तेच मला कळत नाही. तानूअक्काच्या लग्नात “ह्या घरात पोरगी देऊ नका” म्हणून तू भर मांडवातून उठून गेलास. तेव्हापासून घरात तुझं नाव काढायची सोय नाही. म्हणून वरचा मायना गाळला. थोरल्याला वाकतात तसा वाकलो, असं धर.

मी सध्या अक्काच्या सासरीच आहे. भाऊबीजेला म्हणून निघालो होतो, पण वाटेत चोपड्याला तंबूचा सिनेमा उतरलेला आणि त्यांचं इंजिन बिघडलेलं. तिथे अडकलो. त्याआधी यावलकडे विहिरींना बोअर मारणाऱ्या टोळीत होतो. तिथला मिस्त्री बोअर गाळाने बुजला की लोखंडी नळ खाली सोडून त्यातून हवा फुंकायचा. आतून असा काही आवाज यायचा की म्हशी दावं तोडायच्या. ते मला फार आवडलं. पुढे ते कामी येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

तर इकडची हकीकत. कौतिकराव मेव्हण्यांनी दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कापसाच्या जिनिंगमागच्या बंगल्यात सेप्टिकचा संडास बांधून घेतला. भुसावळला रेल्वेच्या कुठल्या साहेबाकडे पाहिला आणि डोक्यात बसला. वर पाण्याची पेटी, खाली साखळी, साखळी ओढली की धो धो. मैला जमिनीतल्या टाकीत जातो, तिथे कुजतो, आणि वरचं पाणी मातीच्या नळांतून अंगणाखाली मुरतं. नळांचे सांधे मुद्दाम उघडे ठेवलेले, भोवती खडी. आता ती मुरायची जागाच तुंबली आहे. कलमी आंब्यांच्या आळ्यांत हिरवं पाणी उभं राहतं. वास तर असा की मी फाटकाशी आलो आणि वाटलं, घर चुकलो.

बांधणारा कंत्राटदार म्हणतो, सगळं अंगण उकरा, नळ नवे टाका. पण मोठ्या बाई, म्हणजे अक्काच्या सासू भिकुबाई, ऐकत नाहीत. “कुदळ लावानी नही. पाव्हना येतीन. आंगनमा खड्डा देखतीन?” त्यांचं खरं दुखणं वेगळं आहे. उकरलं तर अख्ख्या पेठेला कळेल की पाटलाचं विलायती बंद पडलं.

आणि मी जेवता जेवता बोलून गेलो, “मी मोकळं करून देतो. कुदळ न लावता.”

ताटं थांबली. कौतिकरावांनी पहिल्यांदा माझ्याकडे माणूस म्हणून पाहिलं. अक्का वाढत होती. तिने माझ्या पानात परत भात टाकला, मागितला नसताना.

अक्का बरी आहे. थोडी वाळली आहे, पण इथे सगळ्याच वाळलेल्या दिसतात. बाकी काही नाही. सात वर्षांत पाळणा हलला नाही, तेवढंच.

वना


धुळे, ५ डिसेंबर १९३७

निंबाभाऊ,

कारण सापडलं! हे तुला कळवल्याशिवाय राहवेना.

मी एक लांब सळई घेतली आणि ओल्या जागेत जागोजाग खुपसली. तुला हसू येईल, पण मी तास तास पालथा पडून सळईला कान लावून ऐकत होतो. वर चिखल मऊ आणि त्याच्या खाली एक कडक थर. सळईच्या टोकाला राखाडी लगदा चिकटून आला. वाळवला तर दगड. बोटावर घासला तर, काय असेल सांग? राख! चुलीची राख.

गंमत बघ. पूर्वी टोपलीचा संडास होता तेव्हा मैल्यावर राख टाकायची चाल होती, आपल्याकडेही आहेच. विलायती आलं तरी मोठ्या बाईंना राख टाकल्याशिवाय संडास शुद्ध झाल्यासारखा वाटेना. मग रोज सकाळी डबाभर राख आत जायची, वरून साखळी. दोन वर्षं. टाकीत बसली ती बसली, उरलेली पाण्याबरोबर नळांत गेली आणि सांध्यासांध्यांत घट्ट झाली. साहेबाच्या संडासात आमची राख. भुसावळच्या साहेबाच्या स्वप्नातही हे आलं नसतं.

मी तो लगदा केळीच्या पानावर घेऊन ओटीवर गेलो. कौतिकराव पेपर वाचत होते, मोठ्या बाई पान लावत होत्या, जिनिंगचा इंजिन ड्रायव्हर पुना हिशेबाला येऊन उभा होता. मी सगळं सांगितलं. सांगितलंही चांगलं, असं आपलं मला वाटतं. पुना तर मान डोलावत होता.

मोठ्या बाई म्हणाल्या, “राख? राख कोनी टाकी?”

डबा घेऊन रोज कोण जातं ते सगळ्यांना माहीत होतं.

अक्का दारात होती. ती म्हणाली, “आत्याबाई, तुम्हीच तर...”

“मी कधय सांगं? आयकं का रे कोनी? मनं नाव लेस!”

भाऊ, मी ऐकलं होतं. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, माझ्यासमोर, त्यांनी डबा तिच्या हातात दिला होता आणि म्हणाल्या होत्या की तळाची बारीक राख घे, वरची नको. मी ते सांगणारच होतो. पण तेवढ्यात पुना विचारायला लागला की एवढा कडक थर फुटणार कशाने, आणि मी त्याला बोअरच्या मिस्त्रीचं सांगायला लागलो. मग ते राहून गेलं. नंतर सांगायला तशी वेळ मिळाली नाही.

कौतिकराव हल्ली क्लबात जातात, घरातसुद्धा शुद्ध बोलतात. पेपर खाली न ठेवता ते म्हणाले, “सात वर्षं ह्या बाईने ह्या घरात राखच टाकली.”

पुना हसला. मालक काही बोलले की तो हसतो, त्याची सवय आहे.

तू आला नाहीस, पत्रही नाही. कामात असशील.

वना


धुळे, १९ डिसेंबर १९३७

निंबाभाऊ,

टाकी उपसून झाली. म्युनिसिपालटीची दोन माणसं मागच्या फाटकाने अंधारात आली, मैला गाडीत भरून घेऊन गेली. आता जमीन वाळायला हवी. हे मी सगळ्यांना बजावून सांगितलं. आपली काळी माती ओली असताना तिच्यात हवा फुंकली तर ती पुन्हा मिटते. वाळली की आपली आपण तडकते, आणि त्या भेगांतून हवा शिरली की मग आतला थर फुटतो. तेव्हा संडासाला कुलूप. महिनाभर तरी एक थेंब पाणी आत जाता कामा नये. मी अगदी कंत्राटदारासारखा हात मागे बांधून बोललो. मोठ्या बाई म्हणाल्या, “तू सांगशी तसं.”

कुलूप लागलं आणि मागचा टोपलीचा संडास परत उघडला. टोपली उचलायला पूर्वी कमलबाई नावाची मेहतर बाई यायची. तिला बोलवा म्हटलं तर मोठ्या बाई म्हणाल्या, ती रोज दारात दिसली की गल्लीला कळेल. टोपली घरातच उचलायची. जिने राख टाकी तिने.

तर भाऊ, पहाटे अक्का ती टोपली घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गाडीपर्यंत जाते. पदर नाकापर्यंत ओढून. मग ती गल्लीला दिसते ते चालतं का, हे मला विचारायचं होतं.

एकदा मी मागे मागे गेलो होतो. गाडीपाशी कमलबाईच होती, तिला आता म्युनिसिपालटीत काम आहे. अक्का जवळ आली तशी ती दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, “सरको, पाटलीणबाई. छू जाओगे मेरेकू.” आणि मोठ्याने हसली. गाडीवाला पण हसला. मग तिने अक्काचं तोंड पाहिलं असावं. हसणं तिथेच थांबलं, आणि टोपली तिने स्वतः घेऊन गाडीत रिकामी केली. आपल्या दारात येणाऱ्या मेहतरणीला आई वरून पाणी ओतायची, ते मला आठवलं. तिचं नाव काय होतं रे? तुला माहीत आहे? मला नाही.

आता अक्काला स्वयंपाकघरात मज्जाव आहे. तिचं पान गोठ्याच्या पडवीत मांडतात. मोठ्या बाई म्हणतात, काम संपेपर्यंतच. मीही काल तिच्या हातचा चहा घेतला नाही, म्हणजे ती घेऊन आली तोवर माझा झाला होता.

माझं मात्र इथे चांगलं चाललं आहे, खोटं कशाला बोलू. भाकरीवर तूप असतं. मोठ्या बाई संध्याकाळी ओटीवर बसवून घेतात, घरचं विचारतात. काल विचारलं, “तुनी धाकली बहीण कितली शिकेल शे रे?” बेबाचं नाव निघालं की मला कुठे थांबता येतं! चौथी झाली, पोथी खडाखडा वाचते, निंदणीला बसली की बायांच्या पुढे असते, आजारी म्हणून कधी अंथरूण धरलं नाही, ते सगळं सांगितलं. हसते कशी ते पण करून दाखवलं. मोठ्या बाई खूप हसल्या. “आनि तोंडले जास्त बोलस का?” म्हटलं, छे, गरीब गाय. आबाने आवाज चढवला की खांबामागे जाते.

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. अक्काच्या हातून घंगाळ सुटलं होतं. तिला स्वयंपाकघरात मज्जाव असताना ती माजघराच्या दाराशी काय करत होती कोण जाणे. त्यावरून बोलणी खाल्ली.

तिने मला नंतर गाठून विचारलं, “काय काय सांगं तू?” मी म्हटलं, चांगलंच सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग शेण काढायला गेली.

वना


धुळे, ९ जानेवारी १९३८

निंबाभाऊ,

झालं! निंबाभाऊ, झालं! तू इथे असायला हवा होतास.

जिनिंगचं तेलाचं इंजिन सुरू करायला दाबलेल्या हवेची एक लोखंडी बाटली असते, माणसाच्या उंचीची. हवा सोडली की चाक पहिला फेरा घेतं. ती बाटली पुनाकडून मागून घेतली, कापसाच्या हातगाडीवर घालून अंगणात आणली. बोअरचा जुना नळ लोहाराकडून टोकाला निमुळता करून घेतला, बाजूने भोकं पाडली आणि घणाने ठोकून नळांच्या रांगेशेजारी कमरेइतका खाली घातला. भोवती चिंध्या आणि ओली माती ठासली. मग रबरी नळी जोडली आणि चावी फिरवली.

पहिल्या वेळेला चुकलं. जागा नीट वाळली नव्हती. हवा खालून न शिरता बाजूने वर आली आणि एक कलम मुळासकट उडालं. वर जे काही आलं ते कौतिकरावांच्या पांढऱ्या धोतरावर. ते नुकतेच क्लबात जायला निघाले होते. छातीपर्यंत, भाऊ!

कोणाला हसायची छाती नव्हती. अक्का हसली. पडवीतून. लहानपणी हसायची तशी, पोट धरून. मी सात वर्षांत ऐकलं नव्हतं.

धोतर तिलाच धुवायला लावलं. विहिरीवर. धुतल्यावर तिचं अंग ओवळं झालं म्हणून डोक्यावरून पाणी घ्यायला लावलं आणि ओल्या लुगड्याने तिथेच उभी केली, घरातली रात्रीची जेवणं होईपर्यंत. यंदा थंडी कशी आहे तुला माहीत आहे, गव्हावर दव गोठतं आहे. मी मध्ये पडलो असतो, पण बाटली रिकामी झालेली आणि दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू व्हायला हवं होतं, तेव्हा मी आणि पुना हवा भरत होतो. पुना म्हणाला, “तुनी बहीणना व्हट निळा पडी गयात.” मी म्हटलं, तू पंपाकडे बघ.

दुसऱ्या खेपेला आठ दिवस थांबलो. ह्या वेळी चावी फिरवली आणि जमीन तव्यावरच्या भाकरीसारखी फुगली. नुसती एक वीत. मग आत कुठेतरी काड्‌ काड्‌ असं झालं, आणि वाऱ्याचा एक लांब सुस्कारा. भाऊ, मी सांगतो, अंगावर काटा आला. नळातून विटांचा चुरा सोडला आणि परत हवा मारली, म्हणजे भेगा मिटू नयेत. असं रांगेच्या कडेने सरकत सरकत सगळं अंगण फुंकून काढलं. मग टाकीत हौदभर पाणी सोडलं. आम्ही सगळे वाकून बघत होतो. पाणी वर आलं नाही. खाली खाली गेलं, गुडगुड करत, जशी काही जमीन तहानलेली होती.

कुठेही कुदळ नाही. अंगण जसंच्या तसं, एक कलम सोडून.

मोठ्या बाईंनी संडासाच्या चौकटीला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पहिली साखळी स्वतः ओढली. कौतिकरावांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. शेजारचे एक वकील म्हणे त्यांच्याकडेही बोलवणार आहेत.

अक्काने विचारलं, “आते टोपली बंद ना, आत्याबाई?”

त्या म्हणाल्या, “जमीन आते नवी शे. तिच्यावर भार नको. पाव्हना वापरतीन. तू मांगेच जाय.” आणि टोपली पण राहिली. मी म्हटलं, जमिनीला काही होत नाही, हवं तेवढं वापरा. मोठ्या बाई म्हणाल्या, “पौष सरू दे रे बेटा.”

पौषाचा आणि संडासाचा काय संबंध, म्हणून मी पुनाला विचारलं. तो इंजिनाला तेल घालत होता. वर न बघता म्हणाला, “तुले ठाऊक नही? सोयरीक शे. दुसरी करी राह्यनात. पोरगी साक्रीकडनी शे, आयकं. माघमा तिना घरना येतीन, घर देखाले. म्हनीसन तर एवढी घाई.”

मी त्याच्या हातातली तेलाची बुधली घेतली आणि उगाच तेल घालत बसलो. चुकीच्या भोकात घातलं. तो ओरडला.

निंबाभाऊ, तू ये.

वना


धुळे, २५ जानेवारी १९३८

निंबाभाऊ,

तुझं कार्ड मिळालं. हाताचं वळण ओळखलं. “नळ आणि हवा पुरे. तानूला काय होतं आहे ते सरळ लिही. तिला निघायचं आहे का, तिलाच विचारून लिही.” दोनच ओळी, पण तू लिहिलंस.

सरळ लिहितो. तिला उपाशी ठेवत नाहीत. मारत नाहीत, म्हणजे कौतिकराव मारत नाहीत. तिच्याशी बोलत नाहीत. तिचा बिछाना गोठ्याच्या पडवीत आहे. हाताला जखमा आहेत, चुन्याच्या, कारण मागचा संडास तिलाच चुन्याने धुवायला लावतात. शेजारच्या बाया तिला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. संक्रांतीला तिला वाण दिलं नाही कोणी. ती ओटीखाली उभी राहिली, वरून एकीने तिळाचे चार दाणे तिच्या पदरात टाकले. हात न लावता. त्या बाईला मी रोज बघतो, चांगली बाई आहे.

हे सगळं मी सांगितलेल्या वाळवणीतून सुरू झालं, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नव्हतं असं नाही.

मी तिला विचारलं. ती गोवऱ्या थापत होती. म्हटलं, अक्का, निघायचं का? मी नेतो, उद्या नेतो, आत्ता नेतो. तर म्हणाली, “निंबाभाऊ उना तर मी जासू. त्याना मांगे डोळा मीटीसन जासू. तुनासंगे नही.”

“का?”

“तू रस्तामा कोनतं तरी इंजिन देखशी आनि माले तठेच इसरी जाशी.”

आणि हसली. मी पण हसलो. मग मला तिथे उभं राहवेना.

भाऊ, आबाच्या घरी ती जायची नाही. आबाने लग्नातच सांगितलं आहे, उंबऱ्याबाहेर गेलेली पोर परत आली तर दार उघडणार नाही. तरी मी आबाला कार्ड टाकलं. तुमच्या पोरीवर सवत आणतायत, आपल्या साक्रीकडचंच कोणी पोरगी देतंय, तुमच्या ओळखीत असेल, शोधून काढा आणि त्यांना अडवा, असं लिहिलं. पोचल्याची खूण नाही. तुला आबा माहीत आहे. वाचून घेतलं असेल कोणाकडून तरी आणि चुलीत घातलं असेल.

मोठ्या बाई मला जिनिंगमागची खोली देतायत. कायमची. वकिलाचं काम आहे, मग एका डॉक्टरचं आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. मी थांबलोय ते अक्कासाठी. उद्या मी निघून गेलो तर तिच्याशी बोलायला गुरंच.

माघ लागला की पंचमीच्या आसपास ते लोक येणार. त्याच्या आत ये. जामनेरहून पाचोऱ्याला गाडी आहे, तिथून चाळीसगाव, चाळीसगावहून धुळ्याची. रजा मिळत नसेल तर आजारी पड. अक्काने कपड्यांचं बोचकं बांधून कडब्याच्या गंजीत लपवलं आहे. मला दाखवलं नाही, मी पाहिलं.

वना


धुळे, ६ फेब्रुवारी १९३८

निंबाभाऊ,

आज ते येणार. आणि तू अजून आलेला नाहीस. म्हणून हे लिहितोय, हात चालू ठेवायला. येत असशील तर हे तुला वाटेत चुकेल. चुको.

सकाळपासून घरात नुसती धावपळ. अंगण सारवलं, माझ्या फुंकलेल्या जागेवर रांगोळी काढली आहे. त्या उडालेल्या कलमाच्या खड्ड्यात तुळस लावली. संडासात मोठ्या बाईंनी उदबत्ती लावली आहे, देवघरातली. कौतिकराव दोनदा जाऊन साखळी ओढून आले. पाणी छान उतरतं, भाऊ. इतकं छान उतरतं की मला त्या जमिनीचा राग येतो आहे.

अक्काला सांगितलं आहे की पाहुणे जाईपर्यंत पुढे दिसायचं नाही. मग म्हणाल्या, नाही, नवी येईल तेव्हा तिचे पाय धुवायला तूच हवीस, घरातलीच. मग म्हणाल्या, आधी आंघोळ कर. त्यांचं काही ठरत नाही.

मी अक्काला म्हटलं, अजून दुपारची गाडी आहे, निंबाभाऊ त्या गाडीने असेल. तिने मान हलवली. चांगलं लुगडं नेसली आहे, ते लग्नातलं हिरवं. मोठ्या बाईंना वाटलं पाहुण्यांसाठी नेसली, खूश झाल्या. बोचकं गंजीतून काढून मागच्या दाराच्या कडीला टांगलं आहे, उघड. आता ती लपवतच नाही. दाराच्या चौकटीला टेकून बसली आहे, रस्त्याकडे तोंड करून. मी विचारलं, पाणी आणू? “आन,” म्हणाली. मी दिलं, ती प्यायली. तिच्या ओंजळीत वरून ओतलं नाही, भाऊ, तांब्या हातात दिला. हे तुला का सांगतोय कोण जाणे.

मी ठरवलं आहे. तू आलास की मी समोरून कौतिकरावांना बोलण्यात गुंतवतो, नव्या बंगल्यांच्या कामाचं काढतो. ते त्यात रमतात. तेवढ्यात तुम्ही दोघं मागून निघा. तिला घेऊन सरळ स्टेशन. मी नंतर येईन. किंवा नाही येणार.

मोटारीचा भोंगा वाजला. फाटकाशी थांबली. स्टेशनवरची भाड्याची असावी. तूच आहेस. अक्का उठून उभी राहिलेली मला इथून दिसते आहे. जाऊन येतो.


नाही, तू नव्हतास.

मोटार साक्रीची होती, सर्व्हिस मोटार, फाटकापर्यंत आणवलेली. पुढच्या सीटवरून आबा उतरले. नवा फेटा, तांबडा. मला वाटलं, माझं कार्ड पोचलं, आबा पोरीला न्यायला आले. धावत गेलो, पाया पडलो. म्हटलं, आबा, बरं झालं तुम्ही आलात, ते लोक अजून यायचे आहेत. आबा माझ्याकडे बघेनात. कौतिकरावांकडे बघून म्हणाले, “घर झकास शे हो, पाव्हना. वास म्हनशा तर कोठेच नही.” आणि मोठ्या बाई आरतीचं ताट घेऊन पुढे आल्या. मोटारीच्या दाराशी.

मागच्या सीटवर बेबा होती. पिवळं लुगडं, हातभर हिरव्या बांगड्या, तोंडभर हसू. उतरता उतरता पाय अडखळला तर माझाच हात धरला. आजूबाजूला बघत, कानाशी येऊन म्हणाली, “वनाभाऊ, अक्का कोठे शे? आबा सांगस, आते मी आठेच राहसू. अक्कानासंगे.”